कचेरीतून रंगभूमीकडे : नट बॅरी फिट्झजेरल्ड

कचेरी सुटण्याची वेळ झाली की टेबलावरील फाइली आवरायच्या, दौतीचे झाकण लावायचे आणि घरचा रस्ता न धरता थेट तालमीच्या जागी हजर व्हायचे, हा क्रम कितीतरी नाटकवेड्या नोकरदारांच्या अंगवळणी पडलेला असतो. मुंबई, पुणे, नागपूर या शहरांतच नव्हे, तर दिल्ली, इंदूर, बडोदे, हैदराबाद अशा ठिकाणच्या मराठी मंडळांतूनही अशी माणसे सापडतात. गणेशोत्सवातील नाटकात ती रंग भरतात, वर्ष दोन वर्षे त्यांच्या कामाची आठवण निघते, आणि पुढे बदली, बढती, मुलांची शिक्षणे या रहाटगाडग्यात तोंडाचा रंग पुसला जातो तो कायमचा. नोकरी टिकते, नाटक सुटते. यात दोष कोणाचाच नसतो. पोटापाण्याचा व्यवसाय आणि मनाचा व्यवसाय यांची सांगड घालणे हे काम मुळातच कठीण आहे.

ही सांगड पुरती अठरा वर्षे घालून, वयाच्या एकेचाळिसाव्या वर्षी नोकरीचा राजीनामा देणारा आणि त्यानंतर जगभर कीर्ती मिळवणारा एक नट आयर्लंडमध्ये होऊन गेला. रंगभूमीवर आणि चित्रपटात तो बॅरी फिट्झजेरल्ड या नावाने ओळखला गेला. सरकारी दप्तरात मात्र त्याचे नाव विल्यम जोसेफ शील्ड्स असे होते. या दोन नावांच्या मध्ये त्याच्या आयुष्याची सारी कथा सामावलेली आहे.

विल्यम शील्ड्सचा जन्म १० मार्च १८८८ रोजी डब्लिन शहरात झाला. वडील अडॉल्फस शील्ड्स हे छापखान्याच्या आणि वृत्तपत्राच्या व्यवसायातले. कामगार संघटनेच्या चळवळीतही त्यांचा पुढाकार असे. आई फॅनी ही मूळची जर्मनीतील हँबर्गची. कुटुंब प्रॉटेस्टंट पंथाचे होते. कॅथलिकांची बहुसंख्या असलेल्या डब्लिनमध्ये मध्यमवर्गीय, पुस्तकांची आवड असलेले आणि राजकारणावर वाद घालणारे असे हे घर होते. विल्यमहून आठ वर्षांनी धाकटा भाऊ आर्थर हाही पुढे नामवंत नट झाला, आणि या दोन भावांच्या स्वभावांतील फरक पाहिल्याशिवाय थोरल्याची ओळख नीट पटत नाही.

आर्थर मनाने बंडखोर होता. १९१६ च्या ईस्टरच्या सोमवारी ब्रिटिश सत्तेविरुद्ध डब्लिनमध्ये सशस्त्र उठाव झाला. त्या दिवशी आर्थर ज्या ॲबी थिएटरमध्ये काम करीत असे, त्याच थिएटरच्या रंगमंचाखाली लपवून ठेवलेली आपली बंदूक घेऊन तो उठावात सामील झाला. उठाव मोडला गेल्यावर वेल्समधील फ्राँगॉक येथील छावणीत त्याला स्थानबद्ध करण्यात आले. थोरला विल्यम त्या वेळी ब्रिटिश राजसत्तेच्याच नोकरीत होता. त्याने बंदूक कधी हाती धरली नाही. तो लाजाळू, मितभाषी आणि भांडणतंट्यापासून दूर राहणारा होता. असा माणूस रंगमंचावर उभा राहिला की फुशारकीच्या आणि कज्जेदलालीच्या भूमिका अशा काही रंगवी की घरच्या माणसांनाही नवल वाटावे.

डब्लिनमधील स्केरीज कॉलेजात शिक्षण घेऊन १९११ साली तो सरकारी नोकरीत शिरला. प्रथम बोर्ड ऑफ ट्रेड या खात्यात आणि पुढे बेकारांच्या विम्याचे काम पाहणाऱ्या कचेरीत त्याची नेमणूक झाली. काम फार जिकिरीचे नव्हते आणि सायंकाळ मोकळी असे. त्या मोकळ्या सायंकाळी तो हौशी नाट्यमंडळात जाऊ लागला आणि तेथून ॲबी थिएटरच्या वर्तुळात आला. सरकारी नोकराने रंगभूमीवर उघडपणे वावरावे हे वरिष्ठांना रुचण्यासारखे नव्हते. तेव्हा जाहिरातपत्रकावर दुसरे नाव घालणे प्राप्त झाले. ते नाव बॅरी फिट्झजेरल्ड. दिवसा शील्ड्स बेकारांच्या अर्जांवर शेरे लिही आणि रात्री फिट्झजेरल्ड बेकारांच्याच भूमिका करी. १९२२ साली ब्रिटिश राज्य जाऊन आयरिश फ्री स्टेट अस्तित्वात आले, कचेरीवरचा झेंडा बदलला. परंतु टेबल, अर्ज आणि सायंकाळची तालीम यांत खंड पडला नाही.

ॲबी थिएटरविषयी येथे दोन शब्द सांगणे अवश्य आहे. २७ डिसेंबर १९०४ रोजी हे नाट्यगृह सुरू झाले. कवी येट्स, लेडी ग्रेगरी आणि नाटककार सिंग हे त्याचे धुरीण होते. इंग्लंडच्या रंगभूमीवर त्या काळी आयरिश माणूस म्हणजे दारूडा, वाचाळ, हास्यास्पद असा एक ठरीव साचा होऊन बसला होता. तो साचा मोडून आयर्लंडचे खरे जीवन रंगभूमीवर आणावे, ही या संस्थेच्या स्थापनेमागील प्रेरणा होती. भारतीय श्रोत्यांना विशेष वाटेल अशी एक गोष्ट म्हणजे रवींद्रनाथांच्या 'डाकघर' या नाटकाचा इंग्रजी प्रयोग याच ॲबी थिएटरने मे १९१३ मध्ये केला होता. परकी सत्तेखालील दोन देशांच्या साहित्यिकांत त्या काळी जे नाते जुळले होते, त्याची ही एक खूण होय. पुढे १९२५ साली नव्या आयरिश सरकारने या नाट्यगृहाला वार्षिक अनुदान मंजूर केले. इंग्रजी भाषिक जगात सरकारी अनुदान मिळालेले ते पहिले नाट्यगृह मानले जाते.

अशा या संस्थेत फिट्झजेरल्डचा प्रवेश अगदी नगण्य भूमिकांतून झाला. शेरिडनच्या 'द क्रिटिक' या प्रहसनात त्याच्या वाट्याला अवघ्या चार शब्दांचे एक वाक्य आले होते. ऐन वेळी घाबरून त्याने त्या शब्दांतील अक्षरांची अदलाबदल केली आणि प्रेक्षागृहात हशा पिकला, अशी त्याची आठवण सांगतात. दुसरा एखादा नवशिका त्या हशाने खचून गेला असता. आपल्या फजितीला लोक हसतात आणि त्या हसण्यात दुष्टपणा नसतो, एवढे मात्र या लाजाळू माणसाच्या ध्यानात आले. १९१९ साली लेडी ग्रेगरी यांच्या 'द ड्रॅगन' या नाटकात त्याने राजाची भूमिका केली आणि ॲबीला एक अव्वल दर्जाचा विनोदी नट मिळाल्याचे सर्वांना कळून चुकले.

त्याचे शरीर विनोदाला साजेसे होते. ठेंगणी मूर्ती, दाट भुवया, पुढे आलेली हनुवटी आणि खरखरीत आवाज. परंतु केवळ शरीराच्या भांडवलावर विनोदी नट फार दिवस तग धरू शकत नाही. त्याला नाटककार भेटावा लागतो. फिट्झजेरल्डला तो भेटला शॉन ओ'केसी याच्या रूपाने.

ओ'केसीचा जन्म १८८० चा. डब्लिनच्या चाळवजा घरांच्या वस्तीत त्याचे आयुष्य गेले होते. चाळिशी उलटेपर्यंत अंगमेहनतीची कामे करून तो पोट भरीत होता आणि रात्री नाटके लिहीत होता. म्हणजे नाटककार आणि नट हे दोघेही दिवसा एक आणि रात्री दुसरे असे दुहेरी आयुष्य जगत होते. एकाच्या हाती फावडे, दुसऱ्याच्या हाती लेखणी, एवढाच काय तो भेद. ३ मार्च १९२४ रोजी ओ'केसीचे 'जूनो अँड द पेकॉक' हे नाटक ॲबीत रंगभूमीवर आले. त्यातील कॅप्टन बॉइल ही भूमिका फिट्झजेरल्डची, त्याची पत्नी जूनो ही सारा ऑलगुड हिची, आणि बॉइलचा लाळघोट्या मित्र जॉक्सर ही एफ. जे. मॅकॉर्मिक याची. बॉइलच्या मुलाची भूमिका आर्थर शील्ड्सने केली. ॲबीत नवे नाटक सहसा एक आठवडा चाले. 'जूनो' दुसऱ्या आठवड्यातही चालू ठेवावे लागले.

हे नाटक १९२२ च्या यादवी युद्धाच्या काळात घडते. कॅप्टन बॉइल हा नावाचाच कॅप्टन. लिव्हरपूलपर्यंत एका कोळशाच्या जहाजातून केलेल्या फेरीपलीकडे त्याची दर्यावर्दी कारकीर्द गेलेली नाही. कामाचा निरोप आला की त्याच्या पायांत कळा सुरू होतात. दारूच्या दुकानाकडे वळताच त्या थांबतात. घर चालते ते जूनोच्या कष्टावर. अशात एका नातेवाइकाच्या मृत्युपत्राने पैसा मिळणार अशी बातमी येते. बॉइल उधारीवर घर सजवतो, मोराप्रमाणे पिसारा फुलवून मिरवतो. मृत्युपत्रातील भाषेच्या चुकीमुळे पैसा येत नाही. सावकार सामान उचलून नेतात. मुलीला फसवून तिचा प्रियकर परागंदा होतो. सोबत्याशी फितुरी केलेल्या मुलाला त्याचेच जुने साथीदार ओढून नेतात आणि गोळी घालतात. जूनो मुलीला घेऊन घराबाहेर पडते. शेवटी त्या उजाड खोलीत दारूच्या धुंदीत बॉइल आणि जॉक्सर परततात. मुलगा मेल्याचा त्यांना पत्ता नाही. बॉइलच्या हातून उरलेसुरले नाणे जमिनीवर पडते आणि सारे जगच विस्कटले असल्याचे तो बडबडत राहतो.

भूमिकेची कसोटी या अखेरच्या प्रसंगात आहे. पहिल्या अंकापासून प्रेक्षक या माणसाला हसत आलेले असतात. त्याच लकबी, तोच आवाज, तीच फुशारकी शेवटीही असते. नटाने काहीही बदलायचे नसते. बदललेली असते ती भोवतालची परिस्थिती, आणि तीमुळे मघापर्यंतचा विनोद अंगावर काटा आणू लागतो. येथे नटाने करुणेचा सूर लावला तर नाटक कोसळते, आणि नुसती विदूषकी केली तर ते हीन होते. फिट्झजेरल्डच्या बॉइलने या नाटकाची कीर्ती डब्लिनबाहेर नेली यावरून त्याने हा तोल किती अचूक साधला असेल याची कल्पना येते. ज्याने आयुष्यभर नेमाने कचेरी गाठली, त्या माणसाने कामचुकार माणसाचे इतके अस्सल चित्र उभे करावे, ही कलेची एक गंमत आहे. बेकारांच्या कचेरीत रोज समोर येणारे चेहरे त्याच्या या भूमिकेला उपयोगी पडले असतील, असा तर्क केला तर तो अगदीच अस्थानी ठरणार नाही.

दोन वर्षांनी, ८ फेब्रुवारी १९२६ रोजी, ओ'केसीचे 'द प्लाउ अँड द स्टार्स' रंगभूमीवर आले. विषय होता १९१६ चा उठाव. परंतु ओ'केसीने वीरांची आरती न ओवाळता उठावाच्या आठवड्यात चाळीतल्या गरीब माणसांची काय दशा झाली ते दाखवले होते. हुतात्म्यांच्या स्मृतीने भारावलेल्या शहराला हे सोसणे कठीण होते. उठावाचे निशाण दारूच्या गुत्त्यात आणलेले पाहून तर अनेकांचा संताप अनावर झाला. पहिल्या आठवड्यातच एका रात्री प्रेक्षागृहात दंगल झाली. मृत वीरांच्या आप्तस्त्रियांनी निषेध केला, काही तरुण रंगमंचावर चढले आणि नटनटींशी झोंबाझोंबी सुरू झाली. फ्लूथर गुड या सुताराच्या भूमिकेत असलेल्या फिट्झजेरल्डने रंगमंचावर चढलेल्या एका इसमाला ठोसा लगावून खाली लोळवले. भांडणाला भिणाऱ्या या माणसाने आयुष्यात केलेली ही बहुधा एकमेव मारामारी असावी. कवी येट्सने रंगमंचावर येऊन प्रेक्षकांची कडक शब्दांत कानउघाडणी केली. त्यानंतर काही शस्त्रधारी तरुण फिट्झजेरल्डला पळवून नेऊन प्रयोग बंद पाडण्याच्या इराद्याने त्याच्या आईच्या घरी गेले होते. सुदैवाने तो तेथे नव्हता.

या प्रसंगातील एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. त्या नाटकात आर्थर शील्ड्सही होता आणि त्याला उठावातील एका अधिकाऱ्याची भूमिका होती. प्रेक्षागृहातून देशद्रोहाचा आरोप होत होता, आणि ज्याच्यावर तो होत होता त्या मंडळींत प्रत्यक्ष उठावात लढलेला आणि बंदिवास भोगलेला माणूस उभा होता. देशप्रेम आणि सत्यकथन यांत अंतर पडले तर नाटकवाल्याने कोणाच्या बाजूला उभे राहावे, या प्रश्नाला दोघा भावांनी त्या रात्री आपल्या परीने उत्तर दिले. एकाने ते देण्याचा अधिकार दहा वर्षांपूर्वी बंदुकीने मिळवला होता. दुसऱ्याने तो केवळ नट या नात्याने बजावला.

आणि फ्लूथर गुड तरी कसा होता? दारूचा भोक्ता, शब्दाशब्दाला बाह्या सरसावणारा, मोठमोठे शब्द चुकीच्या जागी वापरणारा. परंतु गोळ्यांचा वर्षाव चालू असताना मोर्चेबंदीत हरवलेल्या शेजारणीला शोधून आणायला हाच धावतो आणि क्षयाने मेलेल्या पोरीच्या दफनाची व्यवस्था करायला जीव धोक्यात घालून हाच बाहेर पडतो. बॉइलमध्ये विनोदाखाली पोकळी आहे, फ्लूथरमध्ये विनोदाखाली माणुसकी आहे. एकाच तोंडवळ्याच्या वाटणाऱ्या या दोन माणसांतील हा भेद रंगमंचावर उमटवणे हे फिट्झजेरल्डच्या अभिनयाचे खरे मोठेपण होय.

एवढी कीर्ती मिळाल्यानंतरही तो सकाळी कचेरीत जातच होता. ॲबीच्या नटांना मिळणारे वेतन तुटपुंजे होते आणि सरकारी नोकरीत पुढे निवृत्तिवेतनाची शाश्वती होती. विनोदी नटाच्या नशिबाचा भरवसा कोणी द्यावा? ही द्विधा मनःस्थिती १९२९ पर्यंत चालली. ओ'केसीचे 'द सिल्व्हर टॅसी' हे पहिल्या महायुद्धावरील नाटक ॲबीने १९२८ साली नाकारले होते. लंडनमध्ये ते ऑक्टोबर १९२९ मध्ये अपोलो थिएटरात रंगभूमीवर आले आणि त्यातील एक भूमिका फिट्झजेरल्डला देऊ करण्यात आली. लंडनला जायचे तर रजा पुरणार नव्हती. अठरा वर्षांच्या नोकरीचा राजीनामा देऊन तो लंडनला गेला आणि काही काळ ओ'केसीच्याच सोबतीने राहिला. नाटकाची जाणकारांनी वाखाणणी केली. परंतु गल्ल्याच्या दृष्टीने ते चालले नाही आणि काही आठवड्यांतच बंद पडले. एकेचाळीस वर्षांचा, अविवाहित, नोकरी सोडलेला हा गृहस्थ लंडनच्या रस्त्यावर येऊन उभा राहिला. परतीची वाट त्याने स्वतःच बंद केली होती.

पुढच्याच वर्षी दैवाने त्याची थट्टा केली. आल्फ्रेड हिचकॉकने १९३० साली 'जूनो अँड द पेकॉक'चा बोलपट काढला. जूनोच्या भूमिकेत सारा ऑलगुडच होती. परंतु कॅप्टन बॉइलची भूमिका एडवर्ड चॅपमन या इंग्लिश नटाकडे गेली आणि ज्याने ती भूमिका घडवली त्या फिट्झजेरल्डच्या वाट्याला एका वक्त्याचे किरकोळ काम आले. त्याचे बोलपटातील पदार्पण ते हे. त्यामुळे त्याची सर्वश्रेष्ठ भूमिका चित्रफितीवर उतरली नाही. आपल्याकडील जुन्या नटश्रेष्ठांच्या बाबतीत जी हळहळ नेहमी व्यक्त होते, तीच येथेही व्यक्त करावी लागते.

यानंतर ॲबीच्या मंडळींबरोबर त्याने अमेरिकेचे दौरे केले. तेथे दिग्दर्शक जॉन फोर्ड याने 'द प्लाउ अँड द स्टार्स'वर १९३६ साली चित्रपट काढायला घेतला. फोर्ड स्वतः आयरिश वंशाचा. त्याने ॲबीचे नट हॉलिवूडला बोलावले. फ्लूथरची भूमिका अर्थातच फिट्झजेरल्डने केली. आर्थरने उठावाचा नेता पियर्स याची भूमिका केली. वीस वर्षांपूर्वी ज्याच्या आज्ञेखाली तो लढला होता, तोच पियर्स आता त्याला कॅमेऱ्यापुढे उभा करायचा होता. चित्रपट संपला आणि फिट्झजेरल्ड हॉलिवूडमध्येच राहिला.

हॉलिवूडमध्ये कामाला तोटा नव्हता. परंतु कामाचा दर्जा कसा होता? १९३८ च्या 'ब्रिंगिंग अप बेबी'मध्ये तो दारूडा माळी झाला. १९४१ च्या एका टारझनपटात त्याने एका गमत्या आयरिश भटक्याची भूमिका केली. मधूनमधून चांगल्या भूमिकाही येत. फोर्डच्या 'द लाँग व्हॉयेज होम' आणि 'हाउ ग्रीन वॉज माय व्हॅली' या चित्रपटांत त्याला स्थान मिळाले. 'द सी वुल्फ'मध्ये तर जहाजावरील एका नीच, क्रूर आचाऱ्याची भूमिका करून त्याने आपल्या गात्या गळ्याखालची धार दाखवून दिली. १९४० साली न्यूयॉर्कच्या रंगभूमीवर सारा ऑलगुडसह त्याने पुन्हा एकदा कॅप्टन बॉइल उभा केला. तथापि चित्रपटसृष्टीच्या हिशेबी तो एक उपयुक्त दुय्यम नट होता, त्यापलीकडे काही नाही.

१९४४ साली हे चित्र पालटले. लिओ मॅकेरी याने दिग्दर्शित केलेल्या 'गोइंग माय वे' या चित्रपटात न्यूयॉर्कमधील कर्जबाजारी चर्चच्या वृद्ध पाद्र्याची, फादर फिट्झगिबनची, भूमिका त्याला मिळाली. धर्मगुरूंनी त्याच्या मदतीला, खरे तर त्याच्या जागी, एक गाणारा तरुण पाद्री पाठवलेला असतो. ही भूमिका बिंग क्रॉस्बीची. आपले दिवस भरले आहेत हे उमगलेला हट्टी म्हातारा हळूहळू त्या तरुणाला कसा आपला मानतो, एवढीच कथा. शेवटी आयर्लंडहून आणलेल्या आपल्या अतिवृद्ध मातेला तो वर्षानुवर्षांनी भेटतो, त्या वेळी फिट्झजेरल्ड जवळजवळ काहीच करीत नाही. तो थबकतो, ओळखतो आणि लहान मुलासारखा तिच्याकडे जातो. युद्धामुळे लाखो घरांत ताटातूट झालेली असताना प्रेक्षकांना हा प्रसंग पाहून गहिवर आला असेल तर नवल नाही. जन्माने प्रॉटेस्टंट असलेल्या नटाने कॅथलिक पाद्र्याचे इतके जिवंत चित्र रंगवले, हेही विशेषच.

या एका भूमिकेसाठी प्रमुख अभिनेता आणि साहाय्यक अभिनेता अशा दोन्ही विभागांत त्याचे नाव ऑस्कर पारितोषिकासाठी सुचवले गेले. असा प्रकार पूर्वी कधी घडला नव्हता आणि नंतरही घडला नाही, कारण त्यानंतर नियमच बदलण्यात आला. मार्च १९४५ मध्ये साहाय्यक अभिनेत्याचे पारितोषिक त्याला मिळाले आणि प्रमुख अभिनेत्याचे क्रॉस्बीला. युद्धकाळात धातूची टंचाई असल्याने त्या वर्षीच्या बाहुल्या प्लास्टरच्या होत्या. फिट्झजेरल्डला गोल्फचे वेड. घरात सराव करताना त्याच्या काठीचा फटका बसून बाहुलीचे डोके उडाले आणि त्याला दुसरी बाहुली द्यावी लागली. ही हकीकत हॉलिवूडमध्ये मोठ्या चवीने सांगितली जाते.

तथापि त्या वर्षाची दुसरीही बाजू आहे. मार्च १९४४ मध्ये त्याच्या मोटारीला अपघात होऊन एका स्त्रीचा मृत्यू झाला आणि तिची मुलगी जखमी झाली. त्याच्यावर सदोष मनुष्यवधाचा खटला चालला. पुराव्याअभावी जानेवारी १९४५ मध्ये न्यायालयाने त्याला मुक्त केले. म्हणजे साऱ्या अमेरिकेने ज्याच्या रूपात एक निष्पाप, प्रेमळ म्हातारा पाहिला, तो माणूस त्या काळात कोर्टाच्या फेऱ्यांत आणि मनाच्या तळमळीत दिवस काढीत होता. पडद्यावरील हास्य आणि पडद्यामागील माणूस यांचा हिशेब कधीच जुळत नसतो, हे यावरून ध्यानात येते.

यशानंतर मोठ्या भूमिका आल्या. १९४५ साली रने क्लेर याने ॲगाथा ख्रिस्तीच्या कथेवर काढलेल्या 'अँड देन देअर वेअर नन' या चित्रपटात तो न्यायाधीश झाला. १९४८ च्या 'द नेकेड सिटी'मध्ये त्याने न्यूयॉर्कच्या एका शांत, चिवट पोलीस अधिकाऱ्याची भूमिका केली. स्टुडिओच्या भिंती सोडून शहराच्या खऱ्या रस्त्यांवर चित्रित झालेला हा चित्रपट पोलीसकथांच्या इतिहासात महत्त्वाचा मानला जातो. त्या गर्दीतून हसतमुखाने चालणारा हा ठेंगणा अधिकारी पाहताना सरकारी नोकरीची शिस्त पाळलेला माणूस कसा चालतो, बोलतो, कागद हाताळतो, हे कोणालाही ओळखता यावे.

फिट्झजेरल्डवर एक आक्षेप घेतला जातो आणि तो दुर्लक्ष करण्याजोगा नाही. आयरिश माणसाचा ठरीव हास्यास्पद साचा मोडण्यासाठी ॲबीचा जन्म झाला, आणि त्याच ॲबीच्या सर्वोत्तम विनोदी नटाने हॉलिवूडमध्ये जाऊन तोच साचा नव्याने जगापुढे मांडला, असे टीकाकार म्हणतात. 'द क्वाएट मॅन' या १९५२ सालच्या फोर्डच्या चित्रपटातील मायकलीन फ्लिन हे याचे उदाहरण म्हणून पुढे केले जाते. हा गावातला सोयरिकी जुळवणारा मध्यस्थ; त्याचा घोडादेखील दारूच्या दुकानापुढे आपोआप थांबतो. चित्रपट काउंटी मेयोमधील काँग या खेड्याच्या परिसरात चित्रित झाला आणि जगभर गाजला. आर्थरही त्यात प्रॉटेस्टंट पाद्र्याच्या भूमिकेत होता. आयर्लंड पाहायला जाणारे प्रवासी पुढे कित्येक वर्षे हाच हिरवागार, हसरा आयर्लंड शोधीत तेथे गेले.

आक्षेपात तथ्य आहे, पण पुरते नाही. मायकलीन हा कॅप्टन बॉइलचा उन्हात न्हालेला भाऊ आहे. फुशारकी तीच, तहान तीच. फक्त त्याच्या मागे यादवी युद्ध नाही, उपाशी बायको नाही, मेलेला मुलगा नाही. हॉलिवूडने ओ'केसीच्या जगातून दुःख वजा केले आणि हसू ठेवून घेतले. ही वजाबाकी नटाने केली नव्हती. मात्र तिचा मोबदला त्याला मिळाला, हेही खरे. पोटासाठी बेकारांच्या अर्जांवर शेरे मारणारा माणूस पुढे पोटासाठी गमत्या म्हाताऱ्याच्या भूमिका करू लागला, असेही म्हणता येईल. नोकरी सुटली तरी नोकरी सुटत नाही, ती असल्या रूपाने परत येते.

'द क्वाएट मॅन'चे चित्रण ज्या वर्षी झाले, त्याच १९५१ सालच्या जुलै महिन्यात डब्लिनमधील जुने ॲबी थिएटर आगीत सापडले. आदल्या रात्री तेथे 'द प्लाउ अँड द स्टार्स'चाच प्रयोग झाला होता. ज्या रंगमंचावर फ्लूथर गुड जन्मला आणि ज्याच्याखाली आर्थरची बंदूक लपवलेली होती, तो जळून गेला. ॲबीची नवी वास्तू उभी राहायला १९६६ साल उजाडले. फिट्झजेरल्डच्या नशिबी ती पाहणे नव्हते.

आयुष्याच्या अखेरीस तो डब्लिनला परतला. प्रकृती खालावली होती. १९५९ साली मेंदूवर शस्त्रक्रिया झाली. त्याच सुमारास ॲबीच्या इतिहासावर 'क्रेडल ऑफ जीनियस' हा माहितीपट तयार होत होता. त्यात जुन्या नटमंडळींबरोबर ओ'केसी आणि फिट्झजेरल्ड हे दोघे मित्र समोरासमोर दिसतात. एक दृष्टी अधू झालेला, दुसरा थकलेला. जानेवारी १९६१ मध्ये, वयाच्या बहात्तराव्या वर्षी, फिट्झजेरल्डचे डब्लिनमध्ये निधन झाले. डीन्सग्रेंज येथील दफनभूमीत त्याला मूठमाती देण्यात आली. १९७० साली अमेरिकेत निवर्तलेल्या आर्थरलाही पुढे तेथेच आणण्यात आले. बंदूक घेणारा भाऊ आणि लेखणी घेणारा भाऊ अखेर एकाच भूमीत विसावले.

फिट्झजेरल्डने कचेरी वेळेवर सोडली असती, तर त्याच्या कीर्तीला दहा वर्षे आधी बहर आला असता, असे कोणी म्हणेल. परंतु ती अठरा वर्षे वाया गेली असे मानण्याचे कारण नाही. त्या खिडकीपुढे रोज रांग लावणाऱ्या माणसांत बॉइल होते, फ्लूथर होते, जॉक्सर होते. त्यांना जवळून पाहण्याची संधी दुसऱ्या कोणत्या नटाला मिळाली असती? सायंकाळी फाइल मिटून तालमीला निघालेल्या नोकरदाराने या आयरिश नटाची आठवण ठेवावी ती राजीनामा देण्यासाठी नव्हे. दिवसभरात समोर आलेला एखादा चेहरा त्याने बरोबर घेऊन जावा, एवढ्यासाठी.